दुसऱ्याचा मसुदा, स्वतःची जोखीम : रोबेर शुमान आणि मे १९५०

१० मे १९५० रोजी लंडनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांचे परराष्ट्रमंत्री भेटणार होते. बोलायचं बरंच होतं, पण फ्रान्सच्या पोटात गोळा आणणारा मुद्दा एकच होता : पश्चिम जर्मनीचं पुढे काय करायचं? आदल्या सप्टेंबरात अमेरिकेचे डीन अ‍ॅचेसन आणि ब्रिटनचे अर्नेस्ट बेव्हिन यांनी हे लोढणं फ्रान्सच्या रोबेर शुमान यांच्या गळ्यात बांधलं होतं. जर्मनीबाबतचं धोरण तुम्हीच सुचवा, आम्ही ऐकतो. महिने उलटले, लंडनची तारीख तोंडावर आली, आणि शुमान यांच्याकडे मांडण्यासारखं काहीही नव्हतं.

आज ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाच्या मुख्यालयाजवळच्या चौकाला याच शुमान यांचं नाव आहे. (त्याच नावाचे जर्मन संगीतकार वेगळे, एकोणिसाव्या शतकातले.) त्यांना 'युरोपचे जनक' म्हणतात. फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा-पोलाद एकत्र आणण्याचं निवेदन त्यांनी १९५० साली केलं तो दिवस, ९ मे, 'युरोप दिन' आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली त्यांना 'पूजनीय' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या वाटेवरची एक पायरी ते मरणोत्तर चढले. एवढं सगळं झालं की माणूस तसबिरीत जाऊन बसतो. म्हणून इथे त्यांचं चरित्र सांगत नाही. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारपासून ९ मेच्या संध्याकाळपर्यंतचे दिवस आणि त्यातून पुढे जे निघालं, तेवढंच प्रकरण तपासायचं आहे.

कोकचा पेच

फ्रान्सच्या लोरेन प्रांतात लोहखनिज मुबलक, पण ते वितळवायला लागणारा चांगला कोक, म्हणजे भाजून शुद्ध केलेला कोळसा, जर्मनीच्या रुर खोऱ्यातला. या एका गरजेने दोन्ही देशांना पिढ्यानपिढ्या छळलं. पहिल्या महायुद्धानंतर, १९२३ साली, फ्रान्सने थेट रुरमध्ये सैन्य घुसवलं. हाती फारसं लागलं नाही, जर्मनांच्या मनात सल मात्र कायमचा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये पुन्हा तोच सूर : रुर जर्मनीपासून तोडा, सरहद्दीवरचा सार प्रांत आपल्या पंखाखाली घ्या. सार मिळालं. रुर मिळेना, कारण तोवर शीतयुद्ध सुरू झालं होतं आणि अमेरिकेला पश्चिम जर्मनी पायावर उभा हवा होता. तडजोड म्हणून एप्रिल १९४९ मध्ये रुरसाठी एक आंतरराष्ट्रीय प्राधिकरण निघालं. रुरच्या कोळशातला किती देशात राहील आणि किती बाहेर जाईल हे ते ठरवणार होतं. जर्मनांना ते जोखड वाटे.

जर्मन पोलादावर वर्षाला १ कोटी ११ लाख टनांची मर्यादा घातलेली होती. ती वाढवून मिळावी म्हणून जर्मनी मागे लागला होता आणि अमेरिकेचं मन त्या बाजूला झुकत होतं. मर्यादा सुटली की रुरचा कोळसा रुरच्याच भट्ट्यांत जाणार, आणि फ्रान्सने मोठ्या हौसेने आखलेली पोलाद उद्योगाच्या नूतनीकरणाची योजना उपाशी राहणार. त्यात ३ मार्च १९५० रोजी फ्रान्सने सारच्या सरकारशी करार केले, आणि बॉनमधलं पश्चिम जर्मन सरकार भडकलं. जानेवारीत शुमान बॉनला जाऊन आले होते, तेव्हाच स्वागत थंड होतं. मार्चनंतर तर बोलणं जवळपास थांबलं.

या प्रकरणाची किल्ली मला इथे दिसते. फ्रान्सच्या मुठीतलं नियंत्रण वर्ष-दोन वर्षांत सुटणारच होतं. मग जे उद्या जाणारच आहे ते आज बरोबरीच्या नात्याने सोडून द्यावं आणि बदल्यात कायमचं काही मागून घ्यावं, हा व्यवहार. पुढे त्याला आदर्शवादाची झालर लागली, आणि ती खोटी होती असंही नाही. पण पाया व्यवहाराचा होता, म्हणून तो टिकला.

सरहद्दीवरचा माणूस

शुमान यांचा जन्म १८८६ मध्ये लक्झेंबर्गमधल्या क्लाउसन इथे झाला. वडील लोरेनचे. जन्माने फ्रेंच, पण १८७१ साली तो मुलूख जर्मनीने गिळल्यावर कागदोपत्री जर्मन झालेले. आई लक्झेंबर्गची. मुलगा बॉन, म्युनिक, बर्लिन, स्ट्रासबुर्ग अशा जर्मन विद्यापीठांत कायदा शिकला, १९१२ साली त्याने मेट्झमध्ये वकिली थाटली. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत हा गृहस्थ जर्मन नागरिक होता आणि १९१९ साली तो फ्रान्सच्या संसदेत निवडून गेला. त्याची फ्रेंच जर्मन वळणाची होती. युद्धानंतर मंत्रिपदावर असतानाही कम्युनिस्ट सभासद भर सभागृहात त्यांना 'बॉश', म्हणजे जर्मनांसाठीची शिवी, घालत.

१९२०च्या दशकात त्यांनी जे काम केलं त्याकडे चरित्रकार धावतपळत जातात. अल्सास आणि लोरेन परत आल्यावर तिथे जर्मन कायदा चालू होता, कामगार विमा जर्मन पद्धतीचा होता, चर्च आणि शाळांची व्यवस्था निराळी होती. ते सगळं एका फटक्यात पॅरिसच्या साच्यात कोंबायचं की स्थानिक चांगलं ते ठेवून सांधे जुळवायचे, या किचकट कामात शुमान यांनी कलमांवर कलमं घासली. दोन कायदेपद्धती एकमेकींत बसवताना कुठे रक्त निघतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. १९५० मध्ये दोन देशांचा कोळसा-पोलाद एका छत्राखाली आणणारा कागद पाहून दुसरा मंत्री बिचकला असता. त्यांना तो ओळखीचा वाटला असणार.

एक डाग लपवायचं कारण नाही. १० जुलै १९४० रोजी, जर्मनीपुढे नमतं घेणाऱ्या मार्शल पेताँ यांच्या हाती सर्वाधिकार देण्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत शुमानही होते. पेताँच्या मंत्रिमंडळातही त्यांचं नाव काही दिवस राहिलं. सप्टेंबरात मेट्झला परतल्यावर गेस्टापोने त्यांना अटक केली, काही महिने कोठडीत टाकलं, मग जर्मनीत नजरकैदेत ठेवलं. ऑगस्ट १९४२ मध्ये ते तिथून निसटले आणि युद्ध संपेपर्यंत मठांतून लपतछपत राहिले. तरी त्या मतामुळे १९४५ मध्ये निवडणूक लढवण्यावर बंदी आली. द गॉल यांच्या सरकारने ती उठवली तेव्हा कुठे ही पुढची गोष्ट शक्य झाली. तसबिरीचे भक्त हा परिच्छेद गाळतात.

शुक्रवार ते सोमवार

कल्पना शुमान यांची नव्हती. ती जाँ मोने यांची. मोने फ्रान्सचे नियोजन आयुक्त होते, कधी निवडणूक न लढवलेले, कोन्याकच्या व्यापारी घराण्यातले. एप्रिलच्या मध्याला कायद्याचे प्राध्यापक पॉल रॉयटर, सहकारी एतिएन हिर्श आणि अर्थतज्ज्ञ पिएर उरी यांना घेऊन त्यांनी मसुदा घडवायला घेतला. त्याचे एकामागून एक नऊ खर्डे झाले. फ्रान्स आणि जर्मनीचं सगळं कोळसा-पोलाद उत्पादन एका सामाईक 'उच्चाधिकार मंडळा'खाली आणायचं, त्याचे निर्णय दोघांवर बंधनकारक, आणि दार इतर देशांनाही खुलं.

मोने यांनी कागद पंतप्रधान जॉर्ज बिदो यांच्या कचेरीत पाठवला. तो तिथे पडून राहिला. दुसरी प्रत शुमान यांच्या कचेरीचे प्रमुख बर्नार क्लापिए यांच्या हातात होती. शुक्रवार, २८ एप्रिल. शुमान नेहमीप्रमाणे शनिवार-रविवारसाठी मेट्झजवळच्या सी-शाझेल गावातल्या आपल्या घरी निघाले होते. पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकावर क्लापिए यांनी त्यांना गाडीत गाठलं : मोने यांचा एक कागद आहे, वाचाल का, महत्त्वाचा आहे. सोमवारी सकाळी क्लापिए पुन्हा स्थानकावर हजर. गाडीतून उतरताच शुमान यांनी सांगितलं की वाचला, आता तो माझा. फ्रेंचमध्ये हे तीन-चार शब्दांत संपतं.

मंत्री कागद वाचतो तेव्हा सहसा त्याचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. शेरा पडतो, 'अभिप्रायार्थ' म्हणून फाइल चार विभागांत फिरते, आणि चौथ्या विभागात तिचा अंत होतो. शुमान यांनी कुणाचाही अभिप्राय मागवला नाही. आपल्याच परराष्ट्र खात्याच्या बड्या अधिकाऱ्यांना त्यांनी अंधारात ठेवलं. पोलाद कारखानदारांना, ज्यांच्या भट्ट्यांचा हा प्रश्न होता, पत्ता लागू दिला नाही. ब्रिटनला कळवलं नाही. रविवारी ७ मे रोजी लंडनच्या वाटेवर अ‍ॅचेसन पॅरिसला उतरले, तेव्हा त्यांच्या कानावर घातलं. अ‍ॅचेसन यांना आधी वाटलं, ही तर युद्धापूर्वीसारखी पोलादवाल्यांची भलीमोठी टोळी उभी करायची युक्ती. समजूत पटायला थोडा वेळ लागला.

मंत्रिमंडळाची बैठक एरवी बुधवारी असे. शुमान यांना लंडनला जायचं म्हणून ती मंगळवारी, ९ मे रोजी घेतली. पण प्रस्ताव मांडण्याआधी जर्मनीचा होकार हवा. शुमान यांच्या कचेरीतले रोबेर मिशलिश दोन पत्रं घेऊन बॉनला गेले. तिथेही मंत्रिमंडळाची बैठक चालू होती, आणि विषय होता युरोप परिषद या युरोपीय देशांच्या सल्लामसलतीच्या संस्थेत सामील व्हायचं की नाही. सारलाही तिथे वेगळं स्थान मिळणार होतं, त्यामुळे वातावरण कडवट. पाहुण्याने आग्रह धरला की पत्रं लगेच चान्सेलरच्या हातात पडली पाहिजेत. कोनराड आडेनाउअर यांनी वाचून लगेच होकार कळवला, मनापासून. ते स्वतः ऱ्हाइनकाठचे, कोलोनचे. फ्रान्सशी जुळवल्याशिवाय नव्या जर्मनीला कुणी दारात उभं करणार नाही हे त्यांना पक्कं कळत होतं.

इकडे पॅरिसच्या बैठकीत शुमान हा निरोप येईपर्यंत गप्प बसून होते. निरोप आल्यावर त्यांनी विषय काढला, तोही इतक्या पुटपुटत्या आणि मोघम भाषेत की अनेक मंत्र्यांना आपण कशाला संमती दिली ते नीटसं कळलं नसावं. मोने यांनी पुढे तसं मिश्कीलपणे लिहून ठेवलं आहे. रने प्लेव्हाँ आणि रने मायर या दोन मंत्र्यांना आधीच विश्वासात घेतलेलं होतं, त्यांनी जोर लावला. प्रस्ताव निघाला.

संध्याकाळी परराष्ट्र खात्याच्या के दॉर्से इमारतीतल्या घड्याळाच्या दालनात पत्रकारांना बोलावलं. घाई इतकी की छायाचित्रकार आणि रेडिओवाले यांना बोलवायचंच राहिलं, त्यामुळे शुमान यांना नंतर निवेदन पुन्हा वाचून दाखवावं लागलं. मंत्रिमहोदयांना तपशील फारसे सांगता येत नव्हते. ही म्हणजे अज्ञातात उडी झाली की, असं एका पत्रकाराने छेडलं. शुमान गंभीरपणे म्हणाले, हो, तसंच.

निवेदनात होतं काय

युरोप एका दमात किंवा एकाच आराखड्याप्रमाणे घडणार नाही, आधी प्रत्यक्ष एकजूट निर्माण करणाऱ्या ठोस कामांतून तो घडेल, हे त्यातलं सर्वांत उद्धृत होणारं वाक्य. दुसरं, फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातलं युद्ध नुसतं अकल्पनीय नव्हे तर भौतिकदृष्ट्या अशक्य व्हावं. तोफा ज्यापासून बनतात तो मालच सामाईक वहीत लिहिला गेला की चोरून शस्त्रसज्ज होता येत नाही, हा साधा हिशोब.

तिसरं एक वाक्य समारंभांत कुणी वाचत नाही. एकत्र आलेल्या युरोपला वाढीव साधनांनिशी आपलं एक मूलभूत कार्य पुढे नेता येईल, ते म्हणजे आफ्रिका खंडाचा विकास. आफ्रिकेला विचारलं होतं का, हा प्रश्न तेव्हा त्या दालनात कुणाच्या डोक्यात आला नसेल. आपल्या डोक्यात तो पहिल्या वाचनात येतो. हेच शुमान परराष्ट्रमंत्री असताना इंडोचायनात युद्ध चालू होतं, आणि डिसेंबर १९५१ मध्ये ट्युनिशियाच्या स्वायत्ततेच्या मागणीला त्यांच्या सहीचं नकारार्थी पत्र गेलं. गंमत अशी की त्यांच्याच कारकिर्दीत, त्या निवेदनाच्या बरोबर एक आठवडा आधी, २ मे १९५० रोजी, फ्रान्सने चंद्रनगरचा कारभार भारताच्या स्वाधीन केला. तिथे १९४९ सालीच जनमत झालं होतं. पाँडिचेरीला मात्र १९५४ उजाडावं लागलं. ऱ्हाइनच्या काठी सार्वभौमत्व वाटून घ्यायला निघालेला देश समुद्रापलीकडे ते घट्ट धरून होता. शुमान यांच्या वारशाच्या हिशेबात ही ओळ खर्चाच्या रकान्यात लिहायलाच हवी.

लंडनची उडी चुकली

बेव्हिन संतापले. अ‍ॅचेसन आणि शुमान यांनी संगनमत करून आपल्याला खिंडीत गाठलं असं त्यांना वाटलं, आणि ते अगदीच निराधार नव्हतं. फ्रान्सने अट घातली की सामाईक मंडळाचं तत्त्व आधी मान्य करा, मग बोलायला बसा, आणि २ जूनपर्यंत उत्तर द्या. मजूर पक्षाच्या सरकारने १ जानेवारी १९४७ रोजी खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. कामगारांनी मिळवलेल्या खाणी परक्या मंडळाच्या हाती द्यायच्या? डरहॅमचे खाणकामगार हे खपवून घेणार नाहीत, असं ब्रिटनचे उपपंतप्रधान हर्बर्ट मॉरिसन म्हणाले. ब्रिटन बाहेर राहिला. २० जूनला वाटाघाटी सुरू झाल्या त्या सहा देशांत : फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग. पाच दिवसांनी कोरियात युद्ध पेटलं आणि सगळ्या जगाला पोलाद हवंसं झालं.

ब्रिटनला ती अट शुमान यांनी सैल केली असती तर? अनेकजण हा प्रश्न उकरतात. सैल केली असती तर उच्चाधिकार मंडळाची सल्लागार समिती झाली असती, असं माझं मत आहे. युरोप परिषद तशीच झाली होती.

करार, आणि त्याची मर्यादा

१८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसला करार झाला, २३ जुलै १९५२ पासून अमलात आला, मुदत ५० वर्षं. मंडळ लक्झेंबर्गला बसलं, अध्यक्ष मोने. लहान देशांना भीती होती की मोठे चिरडतील, म्हणून मंत्र्यांची परिषद जोडली गेली. एक न्यायालय आलं, ७८ सभासदांची सभा आली. आजच्या युरोपीय संघाचा सांगाडा हाच. मंडळ उत्पादनावर थेट आकारणी करी. त्यातून कामगारांची घरं बांधायला पैसा मिळाला, बंद पडणाऱ्या खाणीतल्या माणसांना नवं काम शिकवायला मदत मिळाली.

पण तो काही स्वर्ग नव्हता. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियमच्या मार्सिनेल खाणीत आग लागून २६२ जण मेले, त्यातले १३६ इटालियन, कोळशाच्या बदल्यात मजूर अशा करारातून आलेले. आणि १९५८ पासून कोळशाला गिऱ्हाईक उरेना, तेल आणि अमेरिकी कोळसा स्वस्त पडू लागला, तेव्हा मंडळाने आणीबाणीचे अधिकार मागितले. १९५९ मध्ये सरकारांनी ते नाकारले. ज्या क्षणी सामाईक सत्तेची खरी परीक्षा होती, त्या क्षणी राजधान्यांनी लगाम स्वतःकडे ओढला.

शुमान यांना त्याआधीच धडा मिळाला होता. कोळशात जे जमलं ते सैन्यात करू पाहिलं. सामाईक सैन्यासाठीच्या युरोपीय संरक्षण समुदायाच्या करारावर २७ मे १९५२ रोजी त्यांनी सही केली, पण तो संसदेपुढे आणायची हिंमत केली नाही, आणि जानेवारी १९५३ मध्ये खातंच गेलं. ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्याच संसदेने तो ३१९ विरुद्ध २६४ मतांनी बाजूला सारला. गणवेश आणि झेंडा आला की पुटपुटत मंजुरी मिळवता येत नाही.

श्रेय आणि कर्ज

मसुदा मोने यांचा, दबाव अमेरिकेचा, गरज फ्रान्सची, होकार आडेनाउअर यांचा. मग शुमान यांचं काय? फ्रान्सच्या चौथ्या प्रजासत्ताकात सरकारं महिन्यांच्या हिशेबाने पडत होती. जर्मनांना बरोबरीने बसवतो म्हणणाऱ्या मंत्र्याची कारकीर्द तिथेच संपू शकली असती, त्यातून तो 'बॉश' म्हणून आधीच बदनाम. मोने यांचं फार तर एक टिपण वाया गेलं असतं. नाव शुमान यांचं जाणार होतं. बिदोंच्या टेबलावरही तोच कागद होता. माझ्या लेखी उत्तर तिथेच मिळतं.

कर्जाची बाजूही त्याच दिवसांतून येते. लोकांना, संसदेला, सहकाऱ्यांनाही पुरतं न सांगता आधी उडी घ्यायची, मग समजवायचं, ही पद्धत १९५० साली कदाचित अपरिहार्य होती. ती सवय झाली. १९९२ मध्ये युरोपीय संघ स्थापणारा मास्त्रिख्त करार फ्रान्सच्या सार्वमतात जेमतेम ५१ टक्क्यांनी तरला, २००५ मध्ये युरोपीय राज्यघटनेला सुमारे ५५ टक्के फ्रेंचांनी नकार दिला. थेट निवडलेली युरोपीय संसद १९७९ साली, म्हणजे शुमान यांच्या मृत्यूनंतर १६ वर्षांनी आली. १९५८ ते ६० ते स्वतः त्या संसदेच्या पूर्वज सभेचे अध्यक्ष होते. तेव्हा तिच्या हातात फार काही नव्हतं.

गोव्यात या साऱ्याचा धागा अनपेक्षित ठिकाणी पोचतो. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात आला, आणि १९६१ पूर्वी जन्मलेल्या गोंयकारांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवून घेता येत असल्यामुळे साळशेत-बार्देशातल्या घरांतून माणसं थेट ब्रिटनमधल्या स्विंडनच्या गोदामांत कामाला गेली. ब्रिटन बाहेर पडल्यावर ती वाट नव्यांसाठी बंद झाली. शुमान यांनी असल्या स्थलांतराची कल्पनाही केली नसेल. कोळसा आणि पोलादाच्या कुशल कामगारांना सीमा ओलांडू द्याव्यात, एवढंच मूळ करारात होतं.

लोरेनमधली शेवटची लोहखाण १९९७ मध्ये बंद झाली. फ्रान्सची शेवटची कोळसा खाण २००४ मध्ये, तीही शुमान यांच्याच मोझेल जिल्ह्यातली. रुरची शेवटची २०१८ मध्ये. त्याआधी २३ जुलै २००२ रोजी पन्नास वर्षांची मुदत भरून पॅरिस करार संपला होता. शिल्लक रक्कम कोळसा-पोलाद संशोधन निधीत वर्ग झाली, आणि त्यातून आजही पोलाद कमी धुरात कसं बनवावं यावरच्या प्रकल्पांना अनुदानं मिळतात.